दोन आडव्या रेघा

जपानी लिपीतल्या कांजी अक्षरांची भीती घालवायची, तर 'दोन'पासून सुरुवात करावी असा माझा हिशेब होता. दोन आडव्या रेघा. वरची आखूड, खालची लांब. दोन्ही डावीकडून उजवीकडे, आधी वरची, मग खालची. संपलं. जपान सरकारने रोजच्या व्यवहारासाठी ठरवलेल्या यादीत २०१० पासून २,१३६ कांजी आहेत. त्यातल्या १,०२६ तिथली पोरं प्राथमिक शाळेतच संपवतात, आणि कित्येक अक्षरांना पंधरा-अठरा रेघा असतात. 'एक' याहून सोपं, एकच रेघ. पण ते शिकून अभ्यास केल्यासारखं वाटत नाही. साठी उलटलेल्या माणसाला झेपावं आणि चारचौघांत सांगताही यावं, असं अक्षर म्हणजे दोन.

हे खूळ मूळचं माझं नव्हे, भाचीचं. नाशिकरोडला पूर्वी पोरगं जरा हुशार निघालं की 'हा प्रेसमध्ये लागणार' असं शेजारीपाजारी परस्पर ठरवून टाकत. प्रेस म्हणजे वर्तमानपत्र नव्हे. प्रेस म्हणजे १९२५ सालची इंडिया सिक्युरिटी प्रेस, आणि तिच्या पाठोपाठ १९२८पासून नोटा छापणारी करन्सी नोट प्रेस. माझीही नोकरी तिथेच झाली. आताची मुलं मात्र पुण्याकडे बघतात, आणि पुण्यात जाऊन जपानकडे. भाची जपानीची पहिली पायरी, एन-फाइव्ह, चढते आहे. परीक्षा डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, केंद्र पुणे. संध्याकाळी ती आमच्या गॅलरीत बसून चौकटीच्या वहीत अक्षरं गिरवते, आणि खालून बिटको चौकाकडे जाणाऱ्या रिक्षांचे भोंगे ऐकत मी शेजारी बसतो.

"मामा, हे काय?"

"दोन."

"दोन हा अर्थ झाला. वाचायचं कसं?"

अर्थ कळला तरी वाचता येत नाही, ही अवस्था मी तोवर फक्त डॉक्टरांच्या चिठ्ठीत उलटीकडून अनुभवली होती. तिथे वाचता आलं तरी अर्थ कळत नाही. भाची म्हणाली, "वाचायचं 'नि'." मी वहीत लिहून घेतलं: नि. खाली रेघ मारली. विषय मिटला.

दुसऱ्या दिवशी कळलं की 'नि' हा उच्चार आकडे मोजताना. वस्तू मोजायच्या झाल्या तर तेच अक्षर 'फुतात्सु'. माणसं दोन असली की 'फुतारी'. महिन्याची दोन तारीख 'फुत्सुका'. वीस तारीख लिहिताना दोनापुढे दहाचं अक्षर येतं, पण वाचायचं 'हात्सुका'. त्यात दोनही ऐकू येत नाही आणि दहाही नाही. वीस वर्षांच्या वयाला 'हाताची'. आणि माणसाच्या नावात हेच अक्षर आलं तर बहुधा 'जि'. दोन रेघांच्या डोक्यावर एवढा संसार! मी भाचीला म्हटलं, यांनी प्रत्येकाला वेगळं चिन्ह का नाही काढलं? ती म्हणाली, "मग २,१३६ वर भागलं असतं का?" पोरगी व्यवहारी आहे.

कारण तसं सरळ आहे. लिपी चीनहून आली, आणि येताना आपला चिनी उच्चारही घेऊन आली. तीही एकदा नव्हे. आधी एका वाटेने 'नि' आला. पुढे थांग राजवटीच्या काळात, तिकडच्या राजधानीतली शुद्ध बोली म्हणून 'जि' आला. जुन्याला कोणी घराबाहेर काढलं नाही. शिवाय जपान्यांचा स्वतःचा शब्द आधीपासून होताच, 'फुता'. तोही त्याच चिन्हावर बसवला. चिनी घराण्याच्या उच्चाराला 'ओन्-योमी' म्हणतात, घरच्या उच्चाराला 'कुन्-योमी'. कुठे कुठला, हे नियमाने थोडं आणि सवयीने फार कळतं.

या गोष्टीचा मी जेवताना बराच त्रागा केला. जपानी माणूस वेळेचा पक्का, गाडी मिनिटाला सोडणारा, आणि अक्षराच्या बाबतीत असा कसा? हिने वरण वाढता वाढता विचारलं, "भाऊबीज कितव्या तिथीला असते?"

"द्वितीयेला."

"पंचांगात काय लिहिलेलं असतं?"

पंचांगात 'शु. २' असतं. मी घास हातात धरून बसलो. पंचांगातला २ आपण वाचतो 'द्वितीया', आणि भाऊ समोर पाटावर बसला की 'बीज'. त्याच पानावरचा १ म्हणजे प्रतिपदा, पण गुढी उभारली की पाडवा. १५ म्हणजे पौर्णिमा. अमावास्येच्या जागी तर ३० छापलेलं असतं, आणि तिथे 'तीस' वाचणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. मग भाचीने त्यात आपली भर घातली: जपानीत महिन्याच्या अखेरच्या दिवसाला 'मिसोका' म्हणतात. त्याचा मूळ अर्थ तिसावा दिवस. चांद्र महिना संपला की मिसोका. ३१ डिसेंबरला आजही 'ओमिसोका' म्हणतात, म्हणजे थोरला तिसावा, एकतीस तारीख असली तरी.

रात्री झोप येईना तेव्हा मी आपल्या २ची झडती घेतली. नुसता असला तर 'दोन'. पाढ्यात शिरला की 'बे'. बे एके बे म्हणून झाल्यावर बे दुणे चार. म्हणजे एका ओळीत दोनदा आला आणि दोन्ही वेळा वेगळं नाव सांगून गेला. २रा म्हणजे दुसरा. एककाच्या घरात बसला की आवाज 'ब'चा: बारा, बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बहात्तर. दशकाच्या घरात बसला की वीस. २ आणि पुढे अर्धा, म्हणजे आजोबांच्या चोपडीतला '२॥', वाचायचा 'अडीच'; त्यात दोन कुठे आहे ते शोधून दाखवणाऱ्याला मी चहा पाजीन. हात्सुकाला उगाच नावं ठेवली. शिवाय आपल्याकडेही उच्चार वेगवेगळ्या वाटांनी आले आहेत. संस्कृतातून सरळ आलेले द्वितीय, द्विगुणित. प्राकृतातून झिजत आलेले बे आणि बीज. घरचे दोन, दुणा, दुहेरी. फारसीतून कचेरीच्या दाराने आलेला दुय्यम. तो अजून दुय्यम निबंधकाच्या पाटीवर मुक्कामाला आहे. आणि दोन प्रहर झाले म्हणून झालेली दुपार, जिच्या पोटात दोन आहे हे दुपारी झोपणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

ओन् आणि कुन् आपण चौथ्या-पाचव्या वर्षीच, पाटीवर थुंकी लावून पुसत पुसत शिकलेले असतो. कोणी त्याला लिपीचा अभ्यास म्हणालं नाही, एवढंच.

यावर महाराष्ट्रात एकदा रीतसर भांडणही झालं. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात बावीसला 'वीस दोन' म्हणायची पद्धत आली. जोडाक्षरांनी आणि उलट्या क्रमाने लहान मुलं गोंधळतात, लिहिताना दोन आधी की वीस आधी कळत नाही, असं गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांचं म्हणणं होतं. कागदावर ते बिनतोड होतं. पण लोक चिडले. विनोद झाले, भाषेचा गळा घोटला म्हणून लेख झाले. नाशिकरोड स्टेशनवर पंचवटी एक्स्प्रेसची वाट बघत उभे असलेले लोकसुद्धा त्र्याण्णवचं काय करायचं यावर तावातावाने बोलत होते. जपानीत बावीस म्हणजे 'नि-जू-नि', दोन-दहा-दोन, जसं लिहिलं तसं वाचायचं. आकड्यांत जपानी पोरगं सुखी आहे. त्याचं दुःख कॅलेंडरपासून सुरू होतं.

माणसांच्या बाबतीत मात्र दोन्ही भाषा सारख्याच हळव्या. जपानीत दोन वस्तू फुतात्सु, पण दोन माणसं फुतारी. आपणही दोन खुर्च्या म्हणतो आणि माणसं आली की दोघं. त्यात पुन्हा दोघे, दोघी आणि दोघं. जपानी ही माया दोनपर्यंतच ठेवतात. तिसरा माणूस आला की 'सान्-निन्', नुसता आकडा आणि माणूस. आपण तिघं, चौघं इथवर ताणतो आणि पाचव्याला 'जण' म्हणून बाजूला बसवतो. चौघांपलीकडे घरातली भांडी पुरत नसावीत. दोनची हद्द जपान्यांनी का ठरवली यावर भाची काही बोलली नाही, फक्त हसली. तिच्या लग्नाचं घरात चाललेलं असल्याने मीही पुढे विचारलं नाही.

लांबट वस्तू मोजायच्या असतील, पेन्सिली, बाटल्या, काकड्या, तर दोनला म्हणतात 'निहोन'. देशाचं नावही निहोन. फरक फक्त आवाजाच्या चढउताराचा. दोन काकड्या मागताना जोर 'नि'वर, देश म्हणताना 'हो'वर. देशाच्या नावाचा दुसरा उच्चार 'निप्पोन'. त्यांच्या नोटांवर रोमन अक्षरांत निप्पोन असतं, बोलताना लोक निहोन म्हणतात. एकच काय ते ठरवून टाकण्याची गरज नाही, असं तिथल्या सरकारने २००९ साली सांगून मोकळं केलं. 'नाशिक' आणि 'नासिक' या दोन्ही पाट्यांखालून आयुष्यभर ये-जा केलेल्या माणसाला हे फार समंजस वाटतं.

नोटांवरून आठवलं. दोनशेची नोट उलटी करून त्या भाषांच्या पट्टीकडे कोणी बघत नाही. मी सवयीने बघतो. पंधरा भाषा, इंग्रजी नावांच्या क्रमाने लावलेल्या, त्यात मराठी आठवी. समोर आकडा एकच, २००. आणि पट्टीत मराठी 'दोनशे' म्हणते, संस्कृत 'द्विशतं', गुजराती 'बसो', नेपाळी 'दुई सय'. एका चिन्हाचे किती उच्चार होऊ शकतात याचा तक्ता खिशात घेऊन फिरणारे आपण, आणि जपान्यांना हसायला निघालो.

मग एका रविवारी आम्ही पांडवलेण्यांना गेलो. भाचीला फोटो हवे होते, मला पाय मोकळे करायचे होते. पाथर्डी फाट्यावरून वर बघितलं की त्रिरश्मी डोंगर दिसतो, त्याच्या कमरेला लेण्यांची रांग. पायऱ्या चढून तिसऱ्या लेण्यात पोचेपर्यंत माझी बोलती बंद झालेली असते, हे भाचीला आवडतं. तिथे ओसरीच्या भिंतीवर गौतमी बलश्रीचा लेख आहे. गौतमीपुत्र सातकर्णीची ही आई. नातू पुळुमावी राज्य करत असताना, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, तिने हे लेणं भिक्षूंना दिलं आणि लेखात मुलाचं तोंडभर कौतुक केलं. लेख ब्राह्मी लिपीत, प्राकृतात. सुरुवातीला 'सिद्धम्'. पुढे तारीख: राजाचं एकोणिसावं वर्ष, उन्हाळ्याचा दुसरा पंधरवडा, तेरावा दिवस. ब्राह्मी मला काही येत नाही, पण नोकरी अशा ठिकाणी झाली की छापलेल्या ओळीत कुठेतरी आकडा असणार, तो शोधायचा, ही डोळ्यांची सवय गेलेली नाही. पुस्तकात बघून ठेवलेल्या जागी मी बोट नेलं.

भाची म्हणाली, "मामा, हे तर 'नि'!"

दोन आडव्या रेघा. एकाखाली एक. जरा पुढे तेराच्या तारखेत तीन आडव्या रेघा, आणि जपानीत तीन तसंच लिहितात. नाशिकच्या या लेखांतले आकडे अंकांच्या इतिहासावरच्या पुस्तकांत हटकून सापडतात; एक, दोन, तीन म्हणजे एक, दोन, तीन आडव्या रेघा. पुढे घाईने लिहिणाऱ्यांनी दोन रेघा हात न उचलता जोडल्या, वरच्या रेघेचा शेवट खाली ओढत नेला, आणि त्यातून शतकांच्या वळणावळणाने आपला २ झाला. जपानी दोन आणि आपला २ नात्यातले नव्हेत. तिकडे चीनमध्ये कोणी दोन काड्या मांडल्या, इकडे आपल्याकडे कोणी दोन काड्या मांडल्या. त्यांनी त्या तशाच ठेवल्या आणि आपण त्यांची गाठ मारली.

मला खरी मजा दुसऱ्याच गोष्टीची वाटली. त्या लेखात पंधरवडा आधी अक्षरांत लिहिला आहे, 'बितीये', आणि लगेच पुढे आकड्यात, दोन रेघा. वर्ष अक्षरी, मग अंकी. दिवस अक्षरी, मग अंकी. अगदी चेकवर लिहितात तसं. कोणीतरी छिन्नी घेऊन रात्री एखादी रेघ वाढवेल, अशी बलश्रीच्या लेखनिकाला शंका असणार. साधारण अठराशे वर्षांनंतर त्याच नाशकात नोटांचा छापखाना निघाला, यात योगायोगापेक्षा काही अधिक नाही हे मला कळतं. तरी त्या लेखनिकाला आमच्या खात्यात लगेच घेतला असता. आणि तो 'बितीये' म्हणजे आपली बीजच. हिला घरी येऊन सांगितलं, तर ती म्हणाली, "मी सांगितलं तेव्हा एवढे डोळे मोठे केले नव्हते."

रेघ वाढवण्याची भीती जपान्यांनाही होतीच. एकावर रेघ मारली की दोन, आणखी एक मारली की तीन. इतका सोपा खोटेपणा. म्हणून पैशांच्या आणि कायद्याच्या कागदांवर ते दोन रेघांचा दोन वापरत नाहीत. त्यासाठी एक वेगळं, गुंतागुंतीचं, तिरक्या फटकाऱ्याचं दोन आहे, उच्चार 'नि'च. जुलै २०००मध्ये ओकिनावातल्या शिखर परिषदेच्या निमित्ताने त्यांनी दोन हजार येनची नोट काढली, तिच्यावर हे बंदोबस्तातलं दोन छापलं आहे. नोट सुरेख, पण चलनात रुळली नाही. हाती आली तर लोक जपून ठेवतात म्हणे. दोन हजाराच्या नोटेचं ग्रहमान दोन्ही देशांत बेताचंच म्हणायचं. आपली नोव्हेंबर २०१६मध्ये आली आणि मे २०२३मध्ये परत बोलावली गेली, आणि मधल्या काळात तिचे सुटे कोणी दिले नाहीत.

वापर शिकायचा तर वाक्प्रचार शिकावेत, असं भाचीच्या बाई सांगतात. दोनच्या वाक्प्रचारांत माझा जीव रमला. 'माडीवरून डोळ्यांत औषध' म्हणजे वरच्या मजल्यावर उभं राहून खाली बसलेल्याच्या डोळ्यात थेंब टाकायचा प्रयत्न. उपाय आहे, पोचत नाही. यातली माडी दोनच्या अक्षराने लिहितात, कारण जपानी लोक तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात. आमच्या सोसायटीत मी पहिल्या मजल्यावर, जपानी पोस्टमनच्या लेखी दुसऱ्यावर. चहाच्या त्याच पत्तीवर पुन्हा पाणी ओतून काढलेला 'दुसरा चहा' म्हणजे शिळी कल्पना नव्याने वाढणं. हा वाक्प्रचार ललित लेखकांच्या मेजावर काचेखाली ठेवावा. 'दोन दिवसांची नशा' म्हणजे काल रात्रीची आज सकाळी उरलेली. आणि 'मुनि'. हा आपला ऋषीमुनींतला नव्हे. 'मु' म्हणजे नाही, 'नि' म्हणजे दोन. ज्याला दुसरा नाही तो मुनि, म्हणजे अद्वितीय. बौद्ध ग्रंथांबरोबर 'फुनि' हाही शब्द गेला, दोन-नव्हे, आपला अद्वय. एवढं मोठं तत्त्वज्ञान एन-फाइव्हला विचारत नाहीत, हे भाचीने घाईघाईने स्पष्ट केलं. आपले दोनचे वाक्प्रचार तिच्या बाईंना कोणी सांगावेत. 'दोन शब्द' बोलायला उठलेला माणूस, 'दोन मिनिटांत' येणारी रिक्षा, 'दोन नंबरचा' पैसा, दोनाचे चार हात. यातला एकही दोन मोजून दोन नसतो.

राहिला 'जि'. जपानात पूर्वीपासून थोरल्या मुलाला इचिरो, दुसऱ्याला जिरो, तिसऱ्याला साबुरो अशी क्रमवारीची नावं ठेवत आले. इचि म्हणजे एक, जि म्हणजे दोन, साबु म्हणजे तीन, आणि 'रो' म्हणजे मुलगा. टोकियोतले सुशी करणारे ओनो जिरो जगभर नावाजले, त्यांच्या नावात हाच दोन रेघांचा दोन आहे. मी आमच्या घरातला दुसरा. दादा इचिरो, मी जिरो. भाचीने माझ्या वहीवर ब्रशने ते नाव लिहून दिलं, खालची रेघ छान लांब ओढून. मी ते घरात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं.

हिने एकदा वहीकडे आणि एकदा भिंतीवरच्या त्या पिवळ्या मिणमिणत्या दिव्याकडे बघितलं. तेव्हापासून रात्री मी बटणं बंद करायला उठलो की आतून आवाज येतो, "सगळे घालवा, तुमच्या नावाचा तेवढा राहू द्या."